निर्लेखनाआधी लेखन : महाविद्यालयाच्या आवारातील हरवलेल्या वास्तू
(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे जालना येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'निर्लेखन' हा शब्द येथे जमलेल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. शाळेची खोली मोडकळीस येते, अभियंता पाहणी करतो, इमारत वापरास अयोग्य ठरते, निर्लेखनाचा प्रस्ताव जातो, मंजुरी येते आणि इमारत उतरवली जाते. नोंदवहीतील तिच्या नावावर रेघ ओढली की काम पूर्ण झाले असे मानले जाते. निर्लेखन म्हणजे लिहिलेले पुसणे. पण पुसण्यासाठी आधी काही लिहिलेले असावे लागते. आपल्या भागातील कित्येक जुन्या वास्तूंच्या बाबतीत आधीचे ते लेखनच झालेले नसते. त्यामुळे वास्तू पडते तेव्हा केवळ दगड-चुना जात नाही, तर तेथे काही होते ही गोष्टच नाहीशी होते.

हा विषय समजून घेण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी जालना, अंबड, भोकरदन हा भाग औरंगाबाद जिल्ह्यातच होता. जालन्यात महाविद्यालये निघण्यापूर्वी येथील मुले उच्च शिक्षणासाठी काचीगुडा-मनमाड मार्गावरील मीटरगेज गाडीने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला जात. ज्या आवारांत या भागातील तरुण पदवीधर झाले, त्यांतील काही आवारे एके काळी राजवाड्यांची आवारे होती. राजवाडा गेला आणि विद्यालय आले, हा बदल कोणालाही आनंदाचाच वाटेल. परंतु तो राजवाडा कसा होता, किती होता आणि कसा गेला, हे त्या आवारात वावरणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना सांगता येईल?

नवखंडा महाल

पहिले उदाहरण नवखंडा महालाचे. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने १६१० साली खडकी येथे नवे शहर वसविले. १६१२ साली मोगलांवरील विजयाची खूण म्हणून त्याने भडकल दरवाजा उभारला. तो दरवाजा आजही उभा आहे. त्यानंतर १६१६ साली, जवळच्याच उंचवट्यावर, त्याने आपला महाल बांधला. तोच नवखंडा. पुढे मोगल अमदानीनंतर पहिला निजाम-उल-मुल्क आसफजाह याने या महालात भर घातली आणि तेथे वास्तव्य केले. आसफजाही घराण्याची राजधानी १७६३ साली हैदराबादला हलेपर्यंत दक्षिणेच्या राजकारणातील अनेक महत्त्वाचे निर्णय याच भिंतींच्या आत झाले.

या महालाचे सविस्तर वर्णन हैदराबाद संस्थानाच्या काळात १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या औरंगाबाद जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये मिळते. आत पाच जनानखाने होते. दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, मशीद आणि कचेरी होती. प्रत्येकाला जोडून एकेक बाग आणि एकेक हौद होता. मधल्या जनानखान्याच्या भिंतींवर कोनाडे व चुन्यातील नक्षीकाम होते. निजाम-उल-मुल्क स्वतः राहत असे तो हाच भाग. त्याला लागून दक्षिणेस हमाम, म्हणजे गरम पाण्याचे स्नानगृह होते. उत्तरेकडील जनानखान्यात नासिरजंग आणि निजाम अलीखान यांचे वास्तव्य होते.

हे वर्णन वाचताना एक बाब ठळकपणे ध्यानात येते. वर्णन लिहिले गेले तेव्हाच दिवाण-ए-आम आणि कचेरी या दोन इमारती पूर्णपणे ढासळलेल्या होत्या. दिवाण-ए-खास, मशीद आणि तीन जनानखाने मात्र बऱ्या स्थितीत होते. म्हणजे महाल एका दिवसात पडला नाही, तर एकेक दालन करून गेला. ज्या इमारतींत लोकांची वर्दळ असे, दरबार भरे, फिर्यादी ऐकल्या जात, त्या सर्वांआधी पडल्या. कारण दरबार हैदराबादला गेला आणि त्या इमारतींना कामच उरले नाही. ज्या दालनांचा राहण्यासाठी थोडाफार उपयोग होत राहिला, ती अधिक काळ टिकली. इमारत वापराविना राहिली की छपराची पन्हळ कोणी साफ करीत नाही, पावसाचे पाणी भिंतीत मुरते, पिंपळाचे रोप फटीत रुजते, आणि दोन पिढ्यांत छत खाली येते. शत्रूच्या तोफांनी जेवढ्या वास्तू पाडल्या, त्यांच्याहून अधिक वास्तू साचलेल्या पाण्याने आणि पिंपळाच्या मुळांनी पाडल्या असतील.

आज नवखंड्याच्या जागी महिला महाविद्यालयाचे आवार आहे. मलिक अंबराच्या महालात पाच जनानखाने होते आणि आता तेथे मुली पदवीचे शिक्षण घेतात, हा कालाचा बदल खचितच स्वागतार्ह आहे. पण त्या आवारात दिवाण-ए-आम कोठे होता, हमामचे पाणी कोठून येई, मधला जनानखाना कोणत्या बाजूला होता, हे आज डोळ्यांनी पाहून ओळखणे कठीण आहे. ते कळते ते केवळ एका जुन्या ग्रंथातील काही ओळींमुळे. त्या ओळी कोणी लिहून ठेवल्या नसत्या तर नवखंडा हे एका पेठेचे नाव होऊन राहिले असते.

दमडीची गोष्ट

दमडी महालाचे नेमके असेच झाले आहे. तो नवखंड्याच्या शेजारी होता. मलिक अंबराने आपल्या इतर बांधकामांवरील प्रत्येक कामगाराकडून एकेक दमडी घेऊन हा महाल उभारला, म्हणून त्याला दमडी महाल म्हणत, अशी आख्यायिका गॅझेटिअरनेच नोंदविली आहे. दमडी हे अगदी क्षुल्लक नाणे, पैशाचाही एक भाग. शहराची नहर खणणाऱ्या, दरवाजे रचणाऱ्या, चुना मळणाऱ्या हातांचा एकेक कण जमा होऊन जी वास्तू झाली, ती खऱ्या अर्थाने लोकांची वास्तू म्हटली पाहिजे. आज ती उरलेली नाही. परिसराला नाव तेवढे राहिले आहे. बसच्या थांब्याला, चौकाला, गल्लीला एखाद्या गेलेल्या वास्तूचे नाव असते आणि त्या नावाचा अर्थ कोणी विचारीत नाही, असे प्रत्येक गावात घडते. शिक्षकांनी मुलांना एवढा एक प्रश्न विचारायला लावले, की या जागेला हे नाव का, तरी अर्धा इतिहास बाहेर येऊ लागेल.

किलेअर्क

दुसरे उदाहरण किलेअर्कचे. सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाच्या काळात उभारलेला हा बालेकिल्ला मक्का दरवाजा आणि दिल्ली दरवाजा यांच्यामधील जवळजवळ सर्व भूभाग व्यापून होता. त्याला चार-पाच दरवाजे होते, वाद्ये वाजविणाऱ्यांसाठी नगारखाना होता, तटाला जंग्या होत्या आणि कोपऱ्यांवर अर्धवर्तुळाकार बुरूज होते. आत विस्तीर्ण बागा व हौद होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच या बागा केवळ खुणांवरून ओळखाव्या लागत होत्या.

शहरातील शासकीय कला व विज्ञान महाविद्यालयाचे आवार याच परिसरात आहे. १९२३ साली उस्मानिया विद्यापीठाच्या अंतर्गत इंटरमीजिएट महाविद्यालय म्हणून ही संस्था सुरू झाली. मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचा पाया तिने घातला. पुढे 'बाबा-ए-उर्दू' म्हणून प्रसिद्ध झालेले मौलवी अब्दुल हक हे तिचे प्राचार्य होते. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत या विभागातील तरुणांपुढे पर्याय थोडेच होते. त्या काळात ज्यांनी शिक्षण घेतले, त्यांनी बालेकिल्ल्याच्या पडक्या तटांच्या सावलीत आपली पुस्तके उघडली. महाविद्यालयाच्या गरजा वाढतात, विद्यार्थी वाढतात, प्रयोगशाळा, वसतिगृह, वाहनतळ यांना जागा लागते. शंभर वर्षांत आवार बदलत जाते. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. परंतु बदल होण्यापूर्वी काय होते त्याचा नकाशा आणि छायाचित्र जपले गेले आहे काय, हा प्रश्न विचारणे म्हणजे दोष देणे नव्हे.

नोंद का तुटली?

या भागात वास्तूंची नोंद तुटण्यास एक विशेष कारण घडले, ते म्हणजे कारभाराच्या भाषेतील बदल. हैदराबाद संस्थानाचा कारभार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारसीत चाले. त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत उर्दू आली. गावपातळीवर मोडीत कागद लिहिले जात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. बारा वर्षांत तीन वेळा कारभाराची चौकट बदलली. जनतेला आपल्या भाषेत कारभार मिळाला ही मोठीच गोष्ट झाली. मात्र जुन्या दप्तरातील फारसी, उर्दू आणि मोडी कागद वाचणारे हात कमी कमी होत गेले. कागद कचेरीत राहिला आणि त्याचा अर्थ कचेरीबाहेर गेला. एखाद्या जुन्या इमारतीचा मूळ हेतू, तिचे बांधकामाचे वर्ष, तिच्यासाठी लावून दिलेले उत्पन्न, हे सारे त्या कागदांत असू शकते. म्हणून ज्या तालुक्यात मोडी किंवा उर्दू वाचणारे सेवानिवृत्त शिक्षक, कारकून वा पटवारी अद्याप आहेत, तेथे त्यांची मदत आजच घेतली पाहिजे.

दुसरे कारण पाण्याचे. मलिक अंबराने डोंगराकडून नहर खोदून शहरात पाणी आणले. जमिनीखालून नळ, मध्ये मध्ये चुनेगच्ची बंबे आणि शेवटी हौद, अशी ती योजना होती. महालातील बागा आणि हमाम याच पाण्यावर जगत. नहर तुंबली की बाग सुकते, हौद कोरडा पडतो आणि कोरड्या हौदाचे दगड घरबांधणीला जातात. वास्तू आणि पाणी यांचा हा संबंध जुन्या काळी सर्वांना ठाऊक होता. नळ आले तेव्हा तो विसरला गेला.

तिसरे कारण सर्वांत साधे. घडलेला दगड महाग असतो. पडक्या भिंतीचा दगड उचलून नेणे स्वस्त पडते. जुन्या वास्तूचे दगड शोधायचे असतील तर आसपासच्या घरांचे जोते पाहावेत.

वापर तारतो, वापरच मारतो

जुन्या वास्तूचा वापर केला की ती टिकते, हे सर्वसाधारणपणे खरे आहे. परंतु कोणता वापर, हे महत्त्वाचे. बीदर येथे बहमनी वजीर महमूद गवान याने १४७२ साली उभारलेला मदरसा हा दक्षिणेतील एक थोर विद्यापरिसर होता. तीन मजली इमारत, मध्ये चौक, अध्यापकांच्या व विद्यार्थ्यांच्या खोल्या, मशीद, ग्रंथालय आणि दर्शनी भागावर रंगीत फरशांचे काम. पुढे औरंगजेबाच्या काळात या विद्येच्या घराचा लष्करी वापर झाला आणि तेथे दारूगोळा साठविला गेला. १६९६ साली स्फोट झाला. दर्शनी बाजूचा मोठा भाग आणि एक मनोरा नाहीसा झाला. राहिलेला एक मनोरा आजही गेलेल्याची आठवण देत उभा आहे. ही वास्तू ओस पडून गेली नाही, ती चुकीच्या वापराने गेली.

पुण्याच्या विश्रामबागवाड्याची गोष्ट याहून वेगळी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली. त्याच पाठशाळेतून पुढे पूना कॉलेज आणि नंतर डेक्कन कॉलेज वाढत गेले. १८७९ साली पुण्यात लागलेल्या आगीत बुधवारवाडा संपूर्ण भस्मसात झाला आणि विश्रामबागवाड्याचाही भाग जळाला. लोकवर्गणी आणि नगरपालिकेचे साहाय्य यांतून जळालेला भाग पुन्हा उभा करण्यात आला आणि पुढे दीर्घकाळ नगरपालिकेचे कामकाज तेथे चालले. म्हणून तो वाडा आज पाहावयास मिळतो. बुधवारवाड्याचे मात्र केवळ नाव उरले. एकाच आगीतील या दोन वास्तूंचे भिन्न भवितव्य पाहिले म्हणजे लोकांची इच्छा व स्थानिक संस्थेचा पुढाकार यांचे मोल कळते.

लिहिलेले असेल तर हरवलेलेही सापडते

लेखनाचे सामर्थ्य दाखविणारे सर्वांत मोठे उदाहरण नालंदाचे आहे. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संग तेथे राहिला, शिकला आणि त्याने विहारांचे, वाटांचे व अंतरांचे वर्णन लिहून ठेवले. पुढे हे महाविहार नष्ट झाले. मातीचे ढिगारे उरले, त्यांवर शेती झाली, शेजारी वस्ती झाली. सुमारे साडेसहाशे वर्षांनी, १८६१-६२ च्या सुमारास, अलेक्झांडर कनिंगहॅम याने त्या प्रवाशाचे वर्णन हाती धरून दिशा व अंतरे जुळवली आणि हे ढिगारे म्हणजेच नालंदा असे दाखवून दिले. १९१५ पासून तेथे पद्धतशीर उत्खनन झाले. २०१६ साली युनेस्कोने त्या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. एका विद्यार्थ्याने लिहून ठेवलेल्या टिपणावरून एक संपूर्ण विद्यापीठ मातीतून परत आले.

आपल्या जिल्ह्यातही असे घडले आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या लोकांची नावे कोरलेली आहेत. कोरलेल्या नावावरून गाव ओळखता आले. १९७० नंतरच्या दशकात तेथे उत्खनन झाले, तेव्हा सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या प्रसिद्ध मूर्तीशी जवळचे साम्य दाखविणारी निघाली. दोन हजार वर्षांपूर्वी जालना जिल्ह्यातील एका गावाचा जगाशी व्यापार कसा होता, याचा हा पुरावा. दगडावरील चार अक्षरांनी हे काम केले.

जालन्याची संपत्ती

'जालना सोने का पालना' ही म्हण या शहराच्या समृद्धीमुळे पडली. निजामशाही काळात जमशेदखानाने येथे काळी मशीद, हमाम व सराई बांधली. त्यानेच मोती तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी सराईच्या हौदापर्यंत पाणी आणले. भरभराटीच्या काळात शहराला पाच तलाव होते असे जुने वृत्तांत सांगतात. १७२५ साली निजाम-उल-मुल्काच्या आज्ञेवरून काबिलखानाने येथील किल्ला बांधला. त्याच्या गढीला मस्तगड म्हणतात. तिच्या आतील विहिरीत सज्जे आणि खोल्या असल्याचे वर्णन आढळते. एकोणिसाव्या शतकात शहराच्या पूर्वेस इंग्रजी फौजेची छावणी होती. १९०३ साली ती उठली. छावणीतील बंगले, बराकी, कवायतीची मैदाने यांचे पुढे काय झाले, त्यांपैकी किती जागांवर शाळा, दवाखाने वा कचेऱ्या आहेत, याचा एक नकाशा प्रत्येक विद्यालयाच्या भिंतीवर असावयास हवा.

याशिवाय गावोगावी गढ्या आहेत, बारवा आहेत, वेशी आहेत, निजामी काळातील चावड्या व शाळा आहेत. यांपैकी फार थोड्या वास्तू कायद्याने संरक्षित आहेत. केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारके कायदा आणि राज्याचा १९६० चा कायदा यांखाली घोषित झालेल्या स्मारकांनाच संरक्षण मिळते. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत नियमन अशी तरतूद २०१० च्या दुरुस्तीने झाली. परंतु गावातील वेस, बारव किंवा जुनी शाळा या यादीत क्वचितच असते. तिचा रक्षक एकच, तो म्हणजे गाव. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. ते कर्तव्य बजावण्याचे पहिले ठिकाण ग्रामसभा होय.

एक रास्त शंका

येथे एक शंका निश्चितच उपस्थित होईल. शाळेला खोल्या नाहीत, पावसात छत गळते, मुले ओट्यावर बसतात, आणि अशा वेळी पडक्या भिंतींची काळजी करावयाची काय? ही शंका रास्त आहे. २०१७ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडी येथे शाळेची जुनी इमारत कोसळून विद्यार्थ्यांचे प्राण गेले. मुलाच्या जिवापेक्षा कोणतीही भिंत मोठी नाही. धोकादायक इमारत रिकामी केलीच पाहिजे, आणि ती दुरुस्त होण्यासारखी नसेल तर उतरवलीच पाहिजे. यात दुमत असू शकत नाही.

पण धोकादायक ठरलेली प्रत्येक इमारत दुरुस्तीपलीकडे गेलेली असतेच असे नाही. चुन्याच्या भिंतीला ओल आली म्हणून वरून सिमेंटचा गिलावा दिला जातो. चुना श्वास घेतो, ओल बाहेर टाकतो. सिमेंट ती ओल आत कोंडते. त्यामुळे काही वर्षांत भिंत आतून भुसभुशीत होते आणि मग तीच भिंत अयोग्य ठरते. चुन्याच्या कामाला चुनाच वापरावा, पन्हळी पावसाळ्यापूर्वी साफ कराव्यात, फटीतील पिंपळ-वड रोप असतानाच काढावेत, मोठे झालेले झाड ओढून न काढता जाणकाराच्या सल्ल्याने मूळ मारावे, शिलालेखावर तैलरंग फासू नये. या गोष्टींना मोठा निधी लागत नाही. लागते ते दरवर्षी मृगापूर्वी एक दिवसाचे लक्ष.

आणि इमारत खरोखरच उतरवावी लागणार असेल, तर उतरविण्यापूर्वी तिची नोंद झाली पाहिजे. या व्याख्यानाचे सार एवढेच आहे : निर्लेखनाआधी लेखन.

नोंद कशी करावी?

हे काम अवघड नाही. एक जाड वही पुरे. प्रत्येक वास्तूसाठी चार पाने राखावीत.

पहिल्या पानावर वास्तूचे गावात प्रचलित असलेले नाव, जागेचा गट क्रमांक किंवा मालमत्ता क्रमांक आणि सध्या ती कोणाच्या ताब्यात आहे, हे लिहावे. ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीशी ही नोंद ताडून पाहावी. पुष्कळदा वास्तू त्या नोंदवहीत नसतेच, हे येथेच उघड होईल.

दुसऱ्या पानावर मोजमाप. मोजफितीने लांबी, रुंदी, उंची, भिंतीची जाडी आणि दारे-कमानींची संख्या घ्यावी. सातवी-आठवीच्या मुलांना भूमितीचा याहून चांगला धडा मिळणार नाही. त्यांनी काढलेला साधा आराखडाही पुढे अमोल ठरतो.

तिसऱ्या पानावर छायाचित्रे. चारही दिशांनी एकेक आणि आतील भागाचे एक, एवढी तरी घ्यावीत. शेजारी मीटरपट्टी उभी धरावी म्हणजे आकार कळतो. शिलालेख असल्यास सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे, म्हणजे अक्षरे उठून दिसतात. छायाचित्रामागे तारीख लिहावी. आता हे साधन शिक्षकांच्या खिशात असते. पूर्वी त्यासाठी शहरातून माणूस आणावा लागे.

चौथ्या पानावर वृद्धांची माहिती. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेले काय आणि ऐकलेले काय, हे वेगवेगळे लिहावे. दमडी महालाची आख्यायिका खरी की खोटी याचा निर्णय लगेच करण्याचे कारण नाही. ती आख्यायिका म्हणून नोंदली म्हणजे झाले.

वहीच्या तीन प्रती असाव्यात. एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक जिल्हा ग्रंथालयात. शाळेतील प्रत बदलीच्या वेळी कार्यभाराच्या यादीत घ्यावी, म्हणजे गुरुजी बदलले तरी वही गावातच राहील. वर्षातून एकदा, १ मे रोजीच्या ग्रामसभेत, ती वाचून दाखवावी. महत्त्वाची वास्तू आढळल्यास राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयास कळवावे. आणि निर्लेखनाचा प्रस्ताव करताना संबंधित वास्तूची चार पाने त्याला जोडावीत. त्यासाठी नव्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. प्रस्ताव करणाऱ्या अधिकाऱ्याने आणि ठराव करणाऱ्या पंचायतीने ठरविले तर ते उद्यापासून होऊ शकते.

महाविद्यालयांवर तर याहून मोठी जबाबदारी आहे. त्यांच्याकडे इतिहासाचा विभाग आहे, भूगोलाचा विभाग आहे, राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आहेत. ज्या आवारात विद्यार्थी तीन वर्षे वावरतो, त्या आवाराचा इतिहास त्याला प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात कळावा. एका फलकावर आवाराचा जुना नकाशा असावा आणि त्यावर गेलेल्या वास्तू तुटक रेषांनी दाखवाव्यात. येथे दिवाण-ए-आम होता, येथे हौद होता, येथे बाग होती. तुटक रेषेला खर्च येत नाही, आणि ती ओढताच रिकाम्या जागेला अर्थ येतो.

नवखंड्याचे पाच जनानखाने आता परत येणार नाहीत. किलेअर्कच्या बागा पुन्हा फुलणार नाहीत. परंतु १८८४ साली कोणी तरी त्या पडक्या महालातून फिरला, त्याने दालने मोजली, काय पडले आणि काय उभे आहे ते लिहिले, आणि म्हणून आज जालन्यात बसून नवखंड्याविषयी बोलता येते. आपल्या गावातील वेस, बारव, चावडी किंवा जुनी शाळा यांच्याविषयी आणखी शंभर वर्षांनी कोणाला बोलता येईल की नाही, हे आज त्या वहीची चार पाने भरली जातात की नाही यावर अवलंबून आहे. पावसाळ्यापूर्वी ती भरली जावीत. पुढच्या पावसाने कोणती भिंत पडेल, हे कोणालाही आधी सांगता येत नाही.